चॅट्सवर्थ हाऊसचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडला निघालेल्या किंवा तिथे मुलांकडे राहायला गेलेल्या ओळखीच्या मंडळींकडून चॅट्सवर्थबद्दल, म्हणजे डर्बीशरमधल्या एका जुन्या सरदारी ‘कंट्री हाऊस’बद्दल, मला तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. रावेर तालुक्यातल्या केळीच्या घरातला माणूस आहे, आणि या घराशी माझी ओळख केळीमुळेच झाली. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

कंट्री हाऊस म्हणजे नेमकं काय? किल्ला, राजवाडा की बंगला?

तिन्ही नाही. आपल्याकडच्या जहागीरदाराच्या वाड्याची कल्पना करा, पण गावाच्या मधोमध नव्हे, गावापासून अलग, स्वतःच्या हजारो एकर जमिनीत. शेती, जंगल, खाणी, कुळं, भाडं, गावातलं चर्च, शाळा, सगळ्यांचा कारभार या एका घरातून चालायचा. मालक लंडनला संसदेत बसायचा, तिथेही त्याचं वेगळं घर असायचं. पण त्याची पत ठरायची ती या गावाकडच्या घरावरून. किल्ल्याला शत्रूची भीती असते. कंट्री हाऊस बांधलं जायचं ते पाहुण्यांनी पाहावं म्हणून, म्हणून त्याला तटबंदीऐवजी खिडक्या असतात. चॅट्सवर्थच्या खिडक्यांच्या चौकटींना तर बाहेरून सोन्याचा वर्ख आहे. दुपारचं ऊन पडलं की त्या लांबूनच चमकतात.

चॅट्सवर्थ आहे कुठे? डेव्हनशरच्या ड्यूकचं घर डर्बीशरमध्ये कसं?

डर्बीशर परगण्यात, बेकवेल या छोट्या गावाजवळ, डर्वेंट नदीच्या काठावर. मागे जंगलाची टेकडी, पुढे नदी, पलीकडे मेंढ्या चरणारी कुरणं.

नावाचा घोळ सगळ्यांचाच होतो. डेव्हन हा परगणा पार दक्षिणेला, समुद्राकडे. कॅव्हेंडिश घराण्याला १६१८ साली मिळालेली पदवी मात्र ‘अर्ल ऑफ डेव्हनशर’ अशी होती (अर्ल ही सरदारकीची पदवी, ड्यूक त्याहून वरची) आणि राहणं डर्बीशरमध्येच. डर्बीची पदवी आधीपासून स्टॅनली घराण्याकडे होती. आडनाव कॅव्हेंडिश, पदवी डेव्हनशर, घर चॅट्सवर्थ, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

घर पहिल्यांदा कोणी बांधलं?

एका बाईच्या जिद्दीनं. एलिझाबेथ हार्डविक, इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून ओळखली जाणारी. डर्बीशरमधल्या बेताच्या परिस्थितीच्या जमीनदाराची ही मुलगी. चार लग्नं झाली, चारही वेळा विधवा झाली, आणि दर वेळी आधीपेक्षा श्रीमंत झाली.

दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ मोडीत काढले तेव्हा त्यांच्या मालमत्तेचे हिशेब घेणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी हा एक. त्या कामातून त्याला स्वतःलाही भरपूर जमीन मिळाली. पण त्या जमिनी देशभर विखुरलेल्या होत्या. बेसनं त्याला त्या विकायला लावल्या आणि आपल्या माहेरच्या मुलुखात पैसा गुंतवायला लावला. १५४९ साली दोघांनी चॅट्सवर्थची जागा ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ मध्ये बांधकाम सुरू झालं. १५५७ साली विल्यम वारला. बेस मात्र थांबली नाही, घर तिनं पुरं केलं. आजचे ड्यूक तिच्या आणि विल्यमच्याच वंशातले.

तिच्या काळातलं घर आता दिसत नाही. पण टेकडीवर झाडांतून डोकं काढणारा शिकारीचा बुरूज आहे ना, तो तिच्याच काळातला, सोळाव्या शतकातला. बायका तिथून खालची शिकार पाहत असत.

स्कॉटलंडची राणी मेरी इथे कैदेत होती, हे खरं का?

खरं. बेसचा चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल, आणि पहिल्या एलिझाबेथ राणीने मेरीला त्याच्याच पहाऱ्यात दिलं होतं. १५६९ पासून पंधराएक वर्षं मेरीला त्याच्या वेगवेगळ्या घरांतून हलवत ठेवलं, त्यात चॅट्सवर्थला ती बऱ्याचदा होती. आज ‘मेरीच्या खोल्या’ म्हणून ज्या ओळखल्या जातात त्या नंतर पुन्हा बांधलेल्या आहेत. तिच्या काळातलं काही पाहायचं असेल तर नदीकडच्या बाजूला दगडी चौथऱ्यासारखी एक छोटी इमारत आहे, तिला ‘क्वीन मेरीज बॉवर’ म्हणतात, ती पाहा.

मग आज दिसतं ते घर कधीचं?

मुख्य घर १६८७ ते १७०७ या वीस वर्षांतलं. चौथ्या अर्लनं आधी फक्त दक्षिणेची बाजू पाडून नवी बांधायला घेतली, वास्तुकार विल्यम टॅलमन. ती इतकी मनासारखी झाली की त्यानं एकेक करून चारही बाजू बदलल्या. दरम्यान, १६८८ साली ज्या सात जणांनी विल्यम ऑफ ऑरेंज या डच राजपुत्राला इंग्लंडला येण्याचं पत्र पाठवलं त्यांत हा एक होता. राज्यक्रांती यशस्वी झाली, विल्यम राजा झाला आणि १६९४ मध्ये अर्लचा ड्यूक झाला. काम संपलं आणि त्याच वर्षी, १७०७ मध्ये, तो वारला.

आत शिरल्यावर लागणाऱ्या रंगवलेल्या दिवाणखान्यात लुई लागेर या फ्रेंच चित्रकारानं भिंती आणि छतभर ज्युलियस सीझरचं चरित्र रंगवलं आहे. नव्या राजाच्या स्वागताला सीझर! राजकारण छतावर वाचायचं असेल तर इथे मान वर करून पाच मिनिटं उभं राहावं. उत्तरेची लांबलचक शाखा बरीच नंतरची, एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने जेफ्री वायटव्हिलकडून बांधून घेतलेली.

‘दारावरचं व्हायोलिन’ हा काय प्रकार आहे?

संगीतकक्षात एक दार अर्धवट उघडं असतं. त्यातून आतलं दुसरं दार दिसतं आणि त्यावर चांदीच्या खुंटीला रेशमी फितीनं टांगलेलं व्हायोलिन आणि त्याचा गज. लाकडाची झिलई, तारांची सावली, खुंटीवरची चकाकी, सगळं जिथल्या तिथे. हात पुढे जातोच. पण ते व्हायोलिन नाही, सपाट दारावर यान व्हान डर व्हार्ट या डच चित्रकारानं काढलेलं चित्र आहे. मी तिथे उभा असताना एक आजी आपल्या नातवाला म्हणाल्या, “वाजवून दाखव की.” त्यांनाही कळलं नव्हतं.

बाग इतकी ‘नैसर्गिक’ कशी दिसते?

कारण ती नैसर्गिक नाही. पहिल्या ड्यूकच्या वेळी इथे फ्रेंच पद्धतीची आखीवरेखीव बाग होती. त्यातला पायऱ्यांवरून वाहणारा धबधबा ग्रिये नावाच्या फ्रेंच माणसानं १६९६ मध्ये आखला, पुढे तो वाढवला गेला. पायऱ्यांचे चोवीस टप्पे आहेत, प्रत्येकाचा आकार थोडा वेगळा, त्यामुळे पाण्याचा आवाजही टप्प्यागणिक बदलतो. डोळे मिटून वरून खाली चालत गेलं की कळतं.

१७६० च्या सुमारास चौथ्या ड्यूकनं केपेबिलिटी ब्राऊन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराला बोलावलं. त्यानं चौकोनी बागा मोडून हिरवळीचे उतार केले, नदीचं पात्र हवं तसं वळवलं, टेकड्यांवर झाडं लावली. एडन्सर नावाचं गाव घराच्या दृष्टीआड नव्हतं, त्यातली काही घरं तेव्हा गेली. उरलेलं गाव पुढे १८३८ नंतर सहाव्या ड्यूकने टेकाडाआड नव्यानं वसवलं. नवी घरं सुंदर आहेत, प्रत्येकाची ठेवण वेगळी. तरी ‘सुंदर देखावा’ म्हणून आपण ज्याचा फोटो काढतो तिथे कुणाचं अंगण होतं, हे मी विसरू शकत नाही.

जोसेफ पॅक्स्टनचं नाव सगळीकडे का येतं?

मला विचाराल तर चॅट्सवर्थचा खरा नायक हाच. शेतकऱ्याचा मुलगा. सहाव्या ड्यूकनं लंडनच्या एका बागेत काम करताना त्याला हेरला आणि १८२६ साली, तो अवघा २२-२३ वर्षांचा असताना, चॅट्सवर्थचा मुख्य माळी केला.

पहिल्या दिवसाची गोष्ट त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे. पहाटे साडेचारला तो पोचला. दारं बंद. मग भिंतीवरून चढून आत उतरला, सगळी बाग फिरून पाहिली, सहाला गडी आले तसं त्यांना कामाला लावलं, कारंजी सुरू करून घेतली, आणि नाश्त्याला घरच्या मुख्य व्यवस्थापक बाईंकडे गेला. तिथे त्यांची भाची सेरा बसली होती. नऊच्या आत दोघांचं जमलं. पुढच्या वर्षी लग्न झालं, आणि पॅक्स्टन जगभराच्या कामांत गुंतला तेव्हा चॅट्सवर्थच्या बागेचा कारभार बराचसा सेरानंच सांभाळला.

ड्यूक अविवाहित होता, कानानं थोडा अधू, आणि हात सैल. माळी आणि मालक यांची मैत्री झाली, आणि त्या मैत्रीतून तीन कामं अशी उभी राहिली की बोलावं तेवढं थोडं.

पहिलं, काचेचं प्रचंड हरितगृह. १८३६ मध्ये सुरुवात, २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद. आतून घोडागाडी जाईल एवढा रस्ता, आणि १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी खरोखरच त्यातून गाडीतून गेली, बारा हजार दिव्यांच्या उजेडात. आतली हवा उष्ण ठेवायला जमिनीखाली आठ भट्ट्या होत्या. कोळसा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तोही बोगद्यातून यायचा.

दुसरं, ‘सम्राट’ कारंजं. रशियाचा झार निकोलस १८४४ मध्ये येणार अशी अपेक्षा होती. त्याच्याकडे आहे त्याहून उंच कारंजं इथे हवं म्हणून टेकडीवर आठ एकरांचं तळं सहा महिन्यांत खोदलं, रात्री मशाली लावून. झार आलाच नाही. कारंजं मात्र २९६ फूट उंच उडाल्याची नोंद आहे. यात पंप नाही. तळं सुमारे साडेतीनशे फूट वर, तिथून नळातून उतरणारं पाणी स्वतःच्या दाबानं वर उसळतं. संभाजीनगरची पाणचक्की ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच उतरत्या पाण्यावर १८९३ पासून घरासाठी वीजही तयार होत असे.

तिसरं, महाकमळ. ॲमेझॉनमधली ही वनस्पती लंडनच्या क्यू उद्यानात फुलायला तयार नव्हती. पॅक्स्टननं एक रोप आणलं, कोमट आणि हलतं पाणी दिलं, आणि १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये ती फुलली. तिच्या पानावर त्यानं आपल्या लहान मुलीला, ॲनीला, उभं केलं. पानानं पोरीचं वजन पेललं. पानाच्या पाठीवर जाड शिरांचं जाळं असतं, पातळ पडद्याला आतून तोलून धरणारं. त्या कमळासाठी बांधलेल्या काचघराचं तंत्र मोठं करून पॅक्स्टननं १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. त्याचा पहिला कच्चा आराखडा रेल्वेच्या बैठकीत बसून टिपकागदावर काढलेला होता.

आपल्या केळीचा आणि या घराचा काय संबंध?

माझ्यासाठी हाच मुख्य प्रश्न. आज बाजारात जी केळी दिसतात त्यातली बहुतेक ‘कॅव्हेंडिश’ गटातली. हे कॅव्हेंडिश म्हणजे चॅट्सवर्थचे कॅव्हेंडिश.

मूळ वाण दक्षिण चीनमधला. तिथून मॉरिशसला, मॉरिशसहून १८२९ च्या सुमारास इंग्लंडला. पॅक्स्टननं त्याचं रोप मिळवलं, हरितगृहात भरपूर पाणी आणि कसदार माती देऊन वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये ते निसवलं, म्हणजे त्याला केळफूल आलं, आणि पुढच्या मे महिन्यात घडाला शंभरावर केळी लागली. त्यातल्या केळ्यांना उद्यान संस्थेच्या प्रदर्शनात पदकही मिळालं. पॅक्स्टननं मालकाच्या आडनावावरून वाणाचं नाव ठेवलं ‘म्युसा कॅव्हेंडिशी’. पुढे ड्यूकनं जॉन विल्यम्स या मिशनऱ्याला रोपं दिली, ती पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पोचली आणि तिथून पसरली.

तेव्हा जगाच्या व्यापारात ‘ग्रो मिशेल’ या दुसऱ्या वाणाचं राज्य होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा रोगानं, म्हणजे आपण ज्याला मर रोग म्हणतो त्यानं, त्याच्या बागाच्या बागा बसवल्या. कॅव्हेंडिशवर त्या रोगाच्या त्या वेळच्या प्रकाराचा परिणाम होत नव्हता, म्हणून व्यापारानं ते उचललं.

आमच्या आजोबांच्या मळ्यात होती ती बसराई, म्हणजे बुटकी कॅव्हेंडिश. वडिलांनी ग्रँड नैन लावली, तीही त्याच गटातली. जळगावची बसराई चॅट्सवर्थच्या रोपापासून आली असा अर्थ मात्र कुणी काढू नये. चीनकडचे हे वाण जगात वेगवेगळ्या वाटांनी पसरले. नाव तिथलं, एवढं खरं. चॅट्सवर्थच्या काचघरात आजही ही केळ जपली आहे. परदेशात, काचेमागे, पाटी लावून ठेवलेली केळ पाहिली तेव्हा मी तिची पानं घरच्यासारखी हातानं चाचपली. खाली दोन मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिलं, फुटले होते. आमच्याकडे असते तर वडिलांनी ते कधीच कापून टाकले असते.

हे सगळं भारतातल्या लुटीवर उभं राहिलं का?

प्रश्न रास्त आहे, आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांबाबत उत्तर ‘हो’ असं आहे. वॉरन हेस्टिंग्जनं भारतातून परतल्यावर डेल्सफर्ड बांधलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस साइक्सनं बेसिल्डन पार्क. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाच्या वस्तू आजही आहेत, त्या क्लाइव्ह घराण्याकडून आलेल्या.

चॅट्सवर्थचा पाया वेगळा: मठांच्या जमिनी, बेसची लग्नं, डर्बीशरच्या खाणी, एक्टनच्या खाणीतलं तांबं, आणि लग्नातून आलेली आयर्लंडमधली मोठी इस्टेट. म्हणजे लूट मुळीच नाही असं नाही, आयर्लंडच्या कुळांना विचारलं असतं तर त्यांचं उत्तर वेगळं आलं असतं. आणि साम्राज्याच्या वाटा या घराला खुल्या होत्याच. १८३५ मध्ये ड्यूकनं जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला थेट कलकत्त्याला धाडलं, गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडच्याच जहाजातून. त्यानं खासी टेकड्यांतून ऑर्किडांच्या पेट्या भरून आणल्या.

नात्यांचे धागे आणखी आहेत. १८२९ साली सतीबंदीचा कायदा करणारे लॉर्ड विल्यम बेंटिंक हे चौथ्या ड्यूकच्या मुलीचे चिरंजीव. त्यांचं पूर्ण आडनावच कॅव्हेंडिश-बेंटिंक. आठवे ड्यूक १८८० ते १८८२ भारतमंत्री होते. (कलकत्त्याचं राजभवन ज्याच्या धर्तीवर बांधलं ते घर कोणतं, असंही विचारतात. ते केडलस्टन हॉल, लॉर्ड कर्झनच्या घराण्याचं. तेही डर्बीशरमध्येच, त्यामुळे लोकांची गल्लत होते.)

दुसऱ्या महायुद्धात इथे काय होतं?

मुलींची शाळा. लष्कर घर ताब्यात घेणार हे दिसत होतं. सैनिकांपेक्षा मुली घर बरं सांभाळतील असा विचार करून दहाव्या ड्यूकनं वेल्समधल्या पेनरॉस कॉलेजला जागा दिली. १९३९ ते १९४६ सुमारे तीनशे मुली आणि शिक्षिका इथे राहिल्या. राजेशाही दालनांत ओळीनं खाटा लागल्या. एवढ्या मुलींच्या श्वासाची वाफ थंड भिंतींवर धरली आणि काही चित्रांच्या मागे बुरशी आली. घरात माणसं राहिली की असं होतंच.

मोठा घाव वेगळा होता. ड्यूकचा वारस विल्यम याने १९४४ च्या मे महिन्यात कॅथलीन केनेडीशी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या बहिणीशी, लग्न केलं. चार महिन्यांत तो बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. कॅथलीन १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिची समाधी एडन्सरला आहे, आणि १९६३ मध्ये अध्यक्ष असताना केनेडी तिथे येऊन गेले.

घर हातचं जाता जाता कसं वाचलं?

एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाचलं. सहाव्या ड्यूकच्या हौसेनं कर्ज करून ठेवलं होतं. १९०८ मध्ये आठवे ड्यूक वारले तेव्हा पहिल्यांदा मोठा वारसा कर बसला. मग इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेले दुर्मीळ ग्रंथ आणि शेक्सपिअरच्या जुन्या प्रती अमेरिकेला विकल्या गेल्या, लंडनचं डेव्हनशर हाऊस विकलं गेलं आणि १९२४ मध्ये पाडलं गेलं. पॅक्स्टनचं हरितगृह पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी थंड पडलं, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून उडवलं. आज तिथे यू नावाच्या सदाहरित झाडांच्या कुंपणाचा चक्रव्यूह आहे. मुलं त्यात हसत धावतात, मला मात्र तिथे पोचलं की गप्प व्हायला होतं.

सगळ्यात कठीण प्रसंग १९५० चा. दहाव्या ड्यूकनं इस्टेट वेळेत पुढच्या पिढीच्या नावे केली होती, पण कर चुकायला पाच वर्षं जगणं भाग होतं. थोडेच महिने राहिले असताना, लाकडं फोडताना, ५५ व्या वर्षी ते गेले. कर बसला ८० टक्के. अकराव्या ड्यूकनं आणि त्यांची पत्नी डेबोरा यांनी कित्येक हजार एकर विकले, बेसनं बांधलेलं हार्डविक हॉल करापोटी सरकारला दिलं, होल्बाइन, रेम्ब्रांट, क्लोद लोरँ या चित्रकारांची कामं राष्ट्रीय संग्रहांत गेली. चॅट्सवर्थ ठेवलं. १९५९ मध्ये ते स्वतः तिथे राहायला आले. डेबोरांनी १९७७ मध्ये इस्टेटीचं मांस, दूधदुभतं विकायला दुकान काढलं. तेव्हा एका डचेसनं दुकान काढणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि मला त्यांचं हे धाडस चित्रांच्या संग्रहाहून मोठं वाटतं.

आज मालक कोण?

घर आणि बाग १९८१ पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहे. कुटुंब आपल्या राहत्या भागाचं भाडं न्यासाला देतं. सध्याचे, बारावे, ड्यूक २००४ पासून. त्यांच्या काळात दगडकाम, छप्पर, नळ, वायरिंग यांचं दशकभर चाललेलं मोठं काम २०१८ मध्ये पुरं झालं.

एका दिवसात काय पाहावं?

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून चेस्टरफील्डला रेल्वेनं साधारण दोन तास, पुढे बस किंवा टॅक्सी. सकाळी आधी बाग करा. बहुतेक लोक उलटं करतात, घर पाहून दमतात आणि धबधब्याच्या पायथ्यालाच बसून राहतात. वर तळ्यापर्यंत चढलात तर कारंज्याचं गणित डोळ्यांना दिसतं. घर दुपारी. बूट आरामाचे घाला, छत्री ठेवा.

संध्याकाळी पार्क ओलांडून एडन्सरच्या चर्चपर्यंत पायी जा, वीसेक मिनिटं लागतात. मागच्या उतारावर ड्यूक मंडळींच्या कबरी आहेत, साध्या दगडांच्या, गवतात. त्याच आवारात पॅक्स्टनची आहे. ती शोधावी लागत नाही, सगळ्यांत मोठी तीच.